व्हिक्टोरिया 3: वसाहतीचं खरेदीखत या खेळात कितपत खरं उतरतं?

पॅराडॉक्स या कंपनीचा ‘व्हिक्टोरिया 3’ हा संगणकावरचा खेळ 25 ऑक्टोबर 2022 ला बाजारात आला. पदार्पणाची किंमत 49.99 डॉलर होती. 1836 ते 1936 या शंभर वर्षांत एखादा देश चालवायचा, एवढंच त्याचं वर्णन पुरे. इथे संपूर्ण खेळाचं परीक्षण नाही. जर-तरच्या इतिहासात रमणाऱ्यांच्या एका नेमक्या प्रश्नासाठी तो तपासला आहे: नुकतंच जन्मलेलं एखादं राष्ट्र समुद्रापलीकडची दुसऱ्याची वसाहत लढाई न करता पैसे मोजून घेतं, तर हा खेळ तो व्यवहार पटेल असा मांडतो का?

हा प्रश्न आता विचारता येतो, कारण जून 2025 मधल्या 1.9 या आवृत्तीने करारांची रचना मुळापासून बदलली. त्याआधी परका प्रदेश मिळवायचे मार्ग म्हणजे दमदाटी, युद्ध, किंवा मोकळ्या मुलखात सावकाश पसरणारी वसाहत. आता कराराच्या कोऱ्या मसुद्यात दोन्ही बाजूंची कलमं स्वतः मांडता येतात. एका बाजूला राज्याचं हस्तांतर आणि दुसऱ्या बाजूला पैसे, असा सरळ सौदा बसतो. आवृत्ती जुनी असेल तर हा भाग दिसणारच नाही, म्हणून सुरू करण्याआधी आवृत्तीचा आकडा पाहून घ्यावा.

चाचणीसाठी बेल्जियम सगळ्यात योग्य. 1830 साली स्वतंत्र झालेला हा देश 1836 मध्ये अजून अस्थिर आहे. नेदरलँड्सने त्याचं स्वातंत्र्य मान्य केलं ते 1839 च्या लंडन करारात. खेळात त्याच्याकडे फ्लँडर्स आणि वॉलोनिया अशी दोनच राज्यं असतात. वॉलोनियात कोळसा आणि लोखंड, फ्लँडर्सला समुद्र. छोटा, कारखानदारीकडे झुकलेला, वसाहत नसलेला देश. खऱ्या इतिहासातही बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याची नजर समुद्रापलीकडे होतीच. 1843 मध्ये एका बेल्जियन कंपनीने ग्वाटेमालात सांतो तोमास इथे वसाहत बसवायचा प्रयत्न केला आणि तापाने ती पोखरली. दुसऱ्या लिओपोल्डने स्पेनकडून फिलिपिन्स मिळवण्याची खटपट केली, तीही फसली. म्हणजे ‘बेल्जियमने वसाहत विकत घेतली असती तर’ हा प्रश्न हवेतला नाही. त्या काळच्या राजवाड्यात तो खरोखर घोळत होता.

खेळाची पहिली दहा वर्षं खरेदीचा विचारही करू नये. वॉलोनियातल्या खाणी वाढवा, बांधकाम विभाग लाकडावरून लोखंडावर न्या, फ्लँडर्समधलं बंदर मोठं करा आणि सरकारी कचेऱ्यांना लागणारा कागद देशातच तयार होईल असं पाहा. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे सगळ्यात जास्त तीच नडते. मग ज्या भागातली वसाहत हवी त्या भागात देशाचा ‘रस’ जाहीर करायचा आणि विक्रेत्याशी संबंध सुधारायला घ्यायचे. हे काम महिन्यांचं नाही, वर्षांचं आहे. विक्रेता तुमच्या एखाद्या उपकाराचं ऋण लागत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ते ऋण ऐन घासाघिशीत वापरता येतं.

करार मांडताना प्रत्येक कलमासमोर समोरच्याची तयारी आकड्यात दिसते. त्या आकड्यावर माऊस नेला की कारणं उलगडतात: संबंध किती, प्रदेशाचं मोल किती, तुमच्याबद्दल धाक किती, पैशाने किती फरक पडतो. ही खिडकी या खेळातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. रक्कम थोडी थोडी वाढवत आकडा शून्याच्या वर जेमतेम येईल तिथेच थांबायचं. बरेच खेळाडू पहिल्याच फटक्यात ढीगभर पैसे मांडतात आणि करार झाल्यावर हळहळतात. राज्य मागण्याआधी तोच मसुदा दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या राज्यासाठी मांडून पाहावा. मसुदा मांडायला पैसे पडत नाहीत आणि विक्रेत्याला नेमकं काय झोंबतं ते कळतं.

पैशाच्या बाबतीत मात्र खेळ इतिहासापासून दूर जातो. इथला सगळा हिशेब आठवड्याचा, त्यामुळे मोबदलाही आठवड्याच्या हप्त्याने जातो. जमीन आज ताब्यात, पैसे पुढे वर्षानुवर्षं. प्रत्यक्षात देशांमधली मोठी खरेदीखतं ठोक रकमेची असत. एक उदाहरण घेऊन आकडे जुळवता येतात. रशियाकडून अलास्का घेताना अमेरिकेने 72 लाख डॉलर मोजले. त्या काळच्या सोन्याच्या दराने ते सुमारे 15 लाख पौंड होतात आणि खेळाचं चलन पौंडच आहे. पाच वर्षांत फेडायचं ठरवलं तर 260 आठवडे, म्हणजे आठवड्याला जवळपास 5,700 पौंड. कोवळ्या बेल्जियमच्या अंदाजपत्रकातून एवढी रक्कम दर आठवड्याला वजा झाली तर काय होईल, हे करार करण्याआधी अंदाजपत्रकाच्या पानावर पाहून घ्यावं. नवे कारखाने उभे राहत असताना खर्च आधीच चढलेला असतो. त्यात हप्त्याची भर पडली की कर्ज वाढतं, व्याज वाढतं, आणि कर्जमर्यादा ओलांडली की दिवाळखोरी. व्याजाचा दर देशाच्या प्रतिष्ठेच्या पायरीवर अवलंबून असतो, म्हणून खालच्या पायरीवरच्या देशाने कर्ज काढून वसाहत घेणं हा सगळ्यात महागडा मार्ग ठरतो. तिजोरी आधी भरून घ्यावी हे खरं, पण तिथेही मर्यादा आहे. सोन्याचा साठा ठरावीक पातळीच्या वर गेला की पुढची भर वाया जायला लागते. साठा त्या पातळीजवळ आला की करारावर सही करावी आणि हप्त्यांमुळे येणारी तूट साठ्यातून भरावी. हा मेळ साधला तर कर्जाला हात लावावा लागत नाही.

अलास्काची खरी गोष्ट या हप्त्यांच्या उलट बाजूने बोलकी आहे. करारावर सही झाली 30 मार्च 1867 ला, सिनेटने तो 37 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केला, आणि 18 ऑक्टोबरला ताबा हाती आला. पैशाची मंजुरी देणारं प्रतिनिधीगृह मात्र अडून बसलं. रकमेला होकार मिळाला तो जुलै 1868 मध्ये, 113 विरुद्ध 43 मतांनी. म्हणजे अमेरिकेचा झेंडा तिथे नऊ महिने फडकत होता आणि विक्रेत्याला एक डॉलरही मिळाला नव्हता. खेळाची ‘ताबा आधी, पैसे नंतर’ ही पद्धत अगदीच निराधार नाही, पण तो उशीर घडतो कशामुळे, हे मात्र तिला माहीत नाही.

या परीक्षणातला मोठा आक्षेप इथेच आहे. व्हिक्टोरिया 3 मध्ये करार दोन सरकारांमध्ये होतो आणि होकार मिळताच लागू होतो. स्वतःच्या संसदेची परवानगी कुठेच लागत नाही. खऱ्या जगात खरेदी फिसकटली ती बहुतेक वेळा घरातच.

डॅनिश वेस्ट इंडिजचंच घ्या. कॅरिबियन समुद्रातली ही बेटं तीनदा विक्रीला आली आणि तिन्ही वेळा गिऱ्हाईक एकच, अमेरिका. ऑक्टोबर 1867 च्या करारात सेंट थॉमस आणि सेंट जॉन या दोन बेटांची किंमत ठरली 75 लाख डॉलर. सही झाल्यावर काही दिवसांतच तिथे चक्रीवादळ आलं, नोव्हेंबरात भूकंप आणि त्सुनामी. जानेवारी 1868 मध्ये बेटांवर मतदान घेतलं गेलं आणि तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने होकार दिला. तरी अमेरिकी सिनेटने करार मंजूर केलाच नाही. तो पडून राहिला आणि विरला. 1902 साली भाव उतरला, तिन्ही बेटांना मिळून 50 लाख डॉलर. या वेळी सिनेटने मान्यता दिली आणि डेन्मार्कच्या वरिष्ठ सभागृहात 32 विरुद्ध 32 अशी बरोबरी होऊन सौदा मोडला. शेवटी 1916 च्या करारात किंमत गेली अडीच कोटींवर. डेन्मार्कमध्ये 14 डिसेंबर 1916 ला सार्वमत झालं, आणि 31 मार्च 1917 ला बेटांचा ताबा गेला. पन्नास वर्षांत तोच माल तीन भावांनी विकायला निघाला. प्रत्येक वेळी अंतिम शब्द सभागृहाचा किंवा मतपेटीचा. पंतप्रधान, राजे आणि परराष्ट्रमंत्री आधीच तयार होते.

जर-तरच्या इतिहासासाठी हाच सांधा सगळ्यात कसदार आहे. 1867 च्या करारावर सिनेटने शिक्का मारला असता तर? 1902 मध्ये डेन्मार्कचं एकच मत फिरलं असतं तर? खेळात हा सांधाच नाही, म्हणून तो बाहेरून बसवावा लागतो. साधा घरगुती नियम असा: करार मांडून समोरचा तयार झाला तरी लगेच पाठवायचा नाही. आधी आपल्या सरकारची ‘वैधता’, म्हणजे सरकार किती भक्कम आहे ते सांगणारा खेळातला आकडा, पाहायची. ती 75 च्या वर असेल तर मंजुरी धरावी. 50 ते 75 मध्ये असेल तर दोन फासे टाकावेत आणि बेरीज सात किंवा जास्त आली तरच सही. 50 च्या खाली असेल तर करार निदान दोन वर्षं बासनात. शिवाय जमीनदार गट सरकारबाहेर असून नाराज असेल तर फाशांच्या बेरजेतून एक वजा करावा, कारण दूरच्या बेटावर खर्च होणारा पैसा सगळ्यांत आधी त्यांनाच टोचेल. दुसऱ्या बाजूलाही हा नियम लावला तर 1902 सारखे प्रसंग आपोआप घडू लागतात. मॉड, म्हणजे खेळात स्वतः घातलेली भर, बनवता येत असेल तर तोच नियम खेळातल्या प्रसंगाच्या (इव्हेंटच्या) रूपात लिहिता येतो. तेव्हा पडद्यावरच्या मजकुराची फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात, बीओएम या सुरुवातीच्या खुणेसह (‘UTF-8 with BOM’) जतन करावी, नाहीतर पडद्यावर मजकुराऐवजी नुसत्या खुणा दिसतात. नव्याने मॉड लिहिणाऱ्यांचा बहुतेक वेळ याच एका चुकीत जातो.

आणखी एक मर्यादा विक्रीच्या एककाची. इथे विकला जातो तो राज्याचा तुकडा, म्हणजे त्या राज्यातला विक्रेत्याचा सगळा भाग. 1867 मध्ये डेन्मार्कने दोन बेटं विकायला काढली आणि सेंट क्रॉय हे तिसरं बेट स्वतःकडे ठेवलं, तशी चतुःसीमा आखायची सोय नाही. फक्त बंदर हवं असेल तर ‘करार-बंदर’ हे वेगळं कलम आहे आणि व्यापारापुरतं ते बऱ्याचदा पुरतं. प्रदेशाची खरी गरज नसेल तर आधी तेच मागावं.

ताबा मिळाल्यानंतर मात्र हा खेळ खरोखर उत्तम आहे, आणि बाकी उणिवा असूनही त्याची शिफारस करावीशी वाटते ती याच भागासाठी. वसाहत फुकटात चालत नाही, हे इथे पावलापावलावर जाणवतं. विकत घेतलेलं राज्य सुरुवातीला ‘असमाविष्ट’ असतं: त्यातून कर फारसा हाती लागत नाही, तुमच्या शाळा-दवाखान्यांच्या संस्था तिथे पोचत नाहीत. ते देशात सामावून घ्यायचं ठरवलं तर वर्षं लागतात, आणि तिथली संस्कृती तुमच्या देशाच्या मुख्य संस्कृतीपेक्षा वेगळी असली की जास्तच. सामावून घेतलेल्या प्रत्येक माणसामागे प्रशासनावर भार पडतो. प्रशासनाला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना कागद. करवसुलीची क्षमता अपुरी असेल तर कर कागदावर दिसतो आणि तिजोरीत येत नाही. सुरुवातीला कागदाबद्दल सांगितलं ते याचसाठी.

दुसरा खर्च बंदराचा. समुद्रापलीकडचं राज्य तुमच्या बाजारपेठेला जोडलं जातं ते बंदरांमधून आणि जहाजांमधून. बंदर अपुरं असेल तर तिथली साखर किंवा कॉफी तिथेच स्वस्त पडून राहते आणि घरी भाव चढलेले राहतात. म्हणून ताबा मिळताच तिथे पहिली इमारत बंदराची बांधावी, मळे नंतर. उलट क्रम लावला तर मळे तोट्यात जातात, मजूर काढले जातात आणि अशांतता वाढते. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो आणि दोष किमतीवर ढकलला जातो.

तापाच्या बाबतीत खेळाचं गणित विचार करायला लावणारं आहे. मलेरियाच्या मुलखात वसाहत पसरवण्याचा वेग भयंकर मंदावतो आणि क्विनिनचं संशोधन झाल्याशिवाय तो सुधारत नाही. राज्य विकत घेतलं की पसरण्याची ती संथ वाटचाल टळते. 1840 च्या दशकात खरेदीला मोल येतं ते या कारणाने. सांतो तोमासला गेलेल्या बेल्जियन कुटुंबांचे जे हाल झाले, त्यांची आठवण ठेवूनच हा फायदा वापरावा.

माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही. व्हिक्टोरिया 3 मध्ये प्रत्येक राज्यात लोकांचे गट असतात, त्यांचा धंदा, धर्म, संस्कृती, राहणीमान सगळं मोजलं जातं. त्यामुळे खरेदीनंतर तिथल्या लोकांचं काय झालं ते तपासणं सहज जमतं, आणि प्रत्येक खेळाडूने ते तपासावंच. राज्यावर क्लिक करून राहणीमानाचा आलेख पाहा. विक्रीआधीच्या पातळीपेक्षा तो खाली गेला असेल तर तुमचं खरेदीखत त्या लोकांच्या माथी मारलं गेलं आहे. नागरिकत्वाचे कायदे त्यांना भेदभावाच्या यादीत टाकत असतील तर मजुरी कमी आणि असंतोष जास्त. वसाहतीबद्दलच्या कायद्यांत पुनर्वसनाचा पर्याय आणि शोषणाचा पर्याय असे दोन रस्ते आहेत. दुसरा रस्ता आकड्यांत चटकन फळ देतो म्हणून निवडला जातो. तो निवडण्याआधी पुढच्या वीस वर्षांच्या बंडाळीचा खर्च धरावा. त्या लोकांना विचारण्याची सोय मात्र करारात नाही. 1868 चं बेटांवरचं मतदान निदान झालं तरी होतं. 1916 चं सार्वमत डेन्मार्कमध्ये झालं, बेटांवरच्या लोकांना त्यात मत नव्हतं. ताबा बदलल्यावरही त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळायला 1927 उजाडलं. हस्तांतरासाठी तिथल्या लोकांच्या होकाराची अट घालणारं एक कलम पुढच्या एखाद्या आवृत्तीत यायला हवं. खेळ लोकांचे गट इतके बारकाईने मोजतो की त्यासाठी लागणारी माहिती त्याच्याकडे आधीच आहे.

बेल्जियमच्याच खऱ्या इतिहासात एक विलक्षण खरेदी आहे आणि ती या खिडकीत मांडता येत नाही. 1885 पासून काँगो ही दुसऱ्या लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती. रबरासाठी तिथे झालेल्या अत्याचारांवर जगभर आवाज उठल्यावर 1908 मध्ये बेल्जियमने ती आपल्याच राजाकडून घेतली. देशाने सुमारे 11 कोटी फ्रँकचं कर्ज अंगावर घेतलं, राजाच्या अपुऱ्या बांधकामांसाठी साडेचार कोटींहून जास्त द्यायचं मान्य केलं, आणि वर राजाला 5 कोटी फ्रँक ‘कृतज्ञता’ म्हणून. बोजासकट जमीन घेतली आणि विक्रेत्याला बक्षीसही दिलं. खेळातला करार दोन देशांमध्येच होतो, त्यामुळे हा प्रसंग खेळायचा तर मॉडशिवाय गत्यंतर नाही.

बेल्जियमनंतर दुसरी चाचणी जर्मनीची घ्यावी, पण शतकाच्या शेवटी. 1871 मध्ये एक झालेल्या जर्मनीने 1899 मध्ये प्रशांत महासागरातली कॅरोलाइन, पलाऊ आणि मारियाना (ग्वाम सोडून) ही बेटं स्पेनकडून अडीच कोटी पेसेटांना घेतली. 1898 च्या युद्धात हरलेल्या स्पेनला उरलेली बेटं सांभाळणं परवडत नव्हतं. हे तत्त्व खेळात छान चालतं: युद्धात थकलेला, कर्जात बुडालेला मालक शोधायचा आणि त्याचं युद्ध संपताच करार मांडायचा. सुस्थितीतल्या मालकाकडून जे दहा वर्षांच्या मैत्रीनेही मिळत नाही, ते इथे माफक पैशात पदरात पडतं. शिवाय जिंकून घेतलेल्या प्रदेशाने जी ‘बदनामी’ वाढते, ती इथे टळते. बदनामी 100 च्या पुढे गेली की बाकीचे देश एकत्र येऊन तुमचे पंख छाटतात. छोट्या देशाला खरेदी परवडते ती मुख्यतः यामुळे.

शेवटी यंत्राबद्दल. 1900 च्या पुढे लोकांचे गट इतके वाढतात की साध्या संगणकावर खेळ चांगलाच रेंगाळतो. खरेदीचा प्रयोग पहिल्या चाळीस वर्षांत उरकला तर हा त्रास होत नाही. करार पाठवण्याआधी हाताने सेव्ह करून त्या फाइलला वर्षाचं नाव द्यावं, म्हणजे मंजुरी मिळाली आणि मंजुरी फेटाळली अशा दोन्ही वाटा त्याच ठिकाणाहून खेळता येतात. नव्या पॅचनंतर जुन्या फायली बिघडण्याचा धोका असतो. चालू प्रयोग पूर्ण होईपर्यंत स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या ‘बीटा’ या पानावरून आवृत्ती गोठवून ठेवावी. खेळ मराठीत नाही, आणि करारांच्या पानांवरचे बारीक खुलासे वाचल्याशिवाय यातलं काहीच जमत नाही. त्यामुळे पहिले दोन-तीन तास फक्त वेग थांबवून ते खुलासे वाचण्यात घालवावेत.